जुम्मापट्टी चार बाय दोनमध्ये: मे ते नोव्हेंबरच्या नोंदी

नेरळ–माथेरान मार्गावरच्या जुम्मापट्टी स्थानकाच्या धर्तीवर ४ फूट × २ फूट फळीवर मॉडेल रेल्वेचा एक लंबगोल मार्ग, पुढे स्थानक, मागे घाट. तंतोतंत प्रतिकृती नाही. प्रमाण १:७६, दोन रुळांमधलं अंतर ९ मिमी, मॉडेलवाल्यांच्या भाषेत डबल-ओ-नाइन. खरा मार्ग २ फुटी, तो या प्रमाणात ८ मिमी भरतो. आपला रूळ १ मिमी रुंद पडतो, पण ९ मिमी घेतला की एन गेजची (९ मिमी रुळाच्या तयार मॉडेलांची) चाकं, सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे), इंजिनाचे सांगाडे सगळं चालतं. तो एक मिलिमीटर सोडून द्यायचा.

जागा डोंबिवलीचा वन-बीएचके. काम झालं की फळी कपाटामागे उभी जाते, त्यामुळे वजन आणि 'उभं केल्यावर काही पडणार नाही ना' हे दोन प्रश्न प्रत्येक टप्प्यावर आहेत.

३ मे
१२ मिमी प्लायचा ४×२ तुकडा, खाली पॅकिंगच्या पाइनच्या १×२ इंची पट्ट्यांची चौकट, मध्ये दोन आडव्या पट्ट्या. नुसता प्लाय ५ किलोच्या वर, चौकटीसह साडेसात. ९ मिमी पुरला असता. दुकानात कापलेला तुकडा तयार होता म्हणून १२ घेतला, आणि ही चूक रोज फळी उचलताना आठवते. खर्च १,४५०.

वरच्या बाजूला ऑइल पेंटचा एक हात मारला. खालची बाजू आणि कडा कोऱ्या ठेवल्या. (याचं काय झालं ते ऑक्टोबरमध्ये.)

१० मे
आखणी. वळणाची त्रिज्या २२९ मिमी, म्हणजे ९ इंच. दोन्ही टोकांची अर्धवर्तुळं प्रत्येकी ७१९ मिमी, पुढचा आणि मागचा सरळ भाग प्रत्येकी ६४० मिमी. पूर्ण फेरी २.७२ मीटर. पुढचा भाग सपाट. डावं वळण आणि मागच्या सरळ भागाचा अर्धा मिळून चढाला १,०४० मिमी मिळतात, तेवढाच उजवीकडे उतार.

खऱ्या मार्गावर १:२० चा चढ आहे, म्हणून इथेही १:२० धरला. १,०४० भागिले २० म्हणजे माथा ५२ मिमी. प्लायची पट्टी कापून खाली लाकडी ठोकळे, ठोकळ्यांची उंची सरळ त्रैराशिकाने.

१८ मे
चाचणी. रूळ नुसते टाचण्यांनी अडकवलेले, तीन डबे. दोन गोष्टी एकदम बिघडल्या.

पहिली: चढाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर डबे सुटतात. सपाटावरून एकदम ५ टक्क्यांचा चढ लागला की एका डब्याचं कपलिंग (डबे जोडणारा आकडा) वर उचललं जातं, दुसऱ्याचं खालीच राहतं. सुरुवातीला कपलिंगच वाकवत बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. दोष कपलिंगचा नव्हता, कोपरा काढून केलेल्या चढाचा होता.

दुसरी: सरळ चढावर इंजिन तिन्ही डबे ओढतं, वळणात दोनच. तिसरा लावला की चाकं जागच्या जागी गरगर फिरतात.

इंजिनाची ओढ मोजली. मागे दोरा बांधला, तो फळीच्या कडेला टाचणीत अडकवलेल्या शिवणयंत्राच्या रिकाम्या बॉबिनवरून खाली सोडला आणि टोकाला कागदाची पुडी. पुडीत चिमूट चिमूट तांदूळ टाकत गेलो. चाकं घसरायला लागली तेव्हा पुडी वजनकाट्यावर ११ ग्रॅम भरली. इंजिन ५५ ग्रॅम, म्हणजे वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी ओढ. आता हिशेब: १:२० वर इंजिनाला स्वतःला चढवायला पावणेतीन ग्रॅम, २५ ग्रॅमच्या तीन डब्यांना पावणेचार, आसांच्या घर्षणाला दोन-सव्वादोन. झाले पावणेनऊ. उरलेल्या सव्वादोन ग्रॅममध्ये ९ इंची वळणाचं घासणं भागत नाही. हे गणित पट्टी कापण्याआधी करायचं असतं.

२४–३१ मे
चढ उखडून पुन्हा. आता १:३०, आणि पायथ्याशी व माथ्याशी प्रत्येकी १६० मिमीत चढ हळूहळू बदलणारा. १२ मिमी प्लाय तेवढा वाकत नाही, म्हणून ४ मिमी प्लायचे दोन थर फेविकॉल लावून ठोकळ्यांवरच आकारात दाबले, वर रात्रभर पुस्तकांचे गठ्ठे. थर चिकटले की तो बाक तसाच राहतो.

पट्टीच्या वरच्या बाजूची उंची, पायथ्यापासूनच्या अंतरानुसार, मिमीमध्ये अशी ठेवली: १६० वर २.७, ३२० वर ८, ४८० वर १३.३, ६४० वर १८.७, ८८० वर २६.७ आणि १,०४० वर २९.३. ठोकळे यातून पट्टीची जाडी वजा करून कापायचे. पायथ्याजवळ पट्टीच जाड पडते, तिथे मूळ फळीत खाच घेऊन ती आत बसवली. उंची फुटपट्टीने न मोजता ठोकळ्याखाली जुनी व्हिजिटिंग कार्डं सारून जुळवली, एक कार्ड साधारण पाव मिलिमीटर.

तीन डबे वळणात चढले, पण कसेबसे. इंजिनाच्या आत चाकांच्या बरोबर वर गळाला लावायचं शिसं ठोकून चपटं करून २० ग्रॅम बसवलं. ओढ १५ ग्रॅमवर गेली. शिसं एकाच बोगीवर (चार चाकांच्या जोडगाड्यावर) टाकलं तर दुसरी हलकी होऊन सांध्यावर उतरते, तेव्हा दोन्हींवर सारखं वाटायचं. हाताळून झालं की हात साबणाने.

माथा ५२ चा २९ झाला. घाट ठेंगणा वाटतो, ते डोंगराने झाकता येईल. गाडी न चढणं झाकता येत नाही.

२१ जून
सांधे आले, पाच आठवड्यांनी. एक डावा, एक उजवा, प्रत्येकी १,८५०. इन्सुलफ्रॉग प्रकारचे, म्हणजे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो भाग (फ्रॉग) प्लॅस्टिकचा, वीज न जाणारा.

स्थानकातली दुसरी मार्गिका आखताना मी सांध्याच्या टोकापासून टोकापर्यंत लांबी धरली होती. गाडी उभी राहते ती फाउलिंग मार्कच्या आत, म्हणजे दोन्ही रूळ एकमेकांपासून पुरेसे लांब गेल्यावर. ६४० मधून दोन सांधे आणि दोन्हीकडचे अडचणीचे तुकडे वजा केले तर हातात ३०० मिमीच्या थोडं वर. इंजिन ८५, डबा कपलिंगसह ११०. इंजिन आणि दोन डबे बरोबर मावतात, तिसरा मुख्य मार्गावरच्या गाडीला घासतो. फळी लांब करणं शक्य नाही, म्हणून दुसऱ्या मार्गिकेत दोन डब्यांचीच गाडी उभी राहील.

५ जुलै
वायरिंग. मुख्य दोन तारा १ चौ. मिमी, त्यांना रुळांपासून खाली उतरणाऱ्या बारीक तारा, दर तुकड्याला एक जोडी.

रुळाला डाग देताना चार ठिकाणी रुळाखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळले. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरतो, चूक वेळेची होती. रूळ आधी बाहेरच्या बाजूने कानशीने घासून चकचकीत करायचा, रुळावर आणि तारेवर वेगवेगळं कथील धरायचं, मग दोन्ही एकत्र टेकवून दोन सेकंदांत उचलायचं. तीन सेकंदांत धरलं नाही तर थांबायचं, पुन्हा घासायचं. दाबून धरत राहिलं की कथील धरत नाही आणि स्लीपर मात्र जातो. डागाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवल्यापासून एकही स्लीपर गेला नाही.

९ जुलै
तीन दोष, तीन दुरुस्त्या.

स्थानकात उभी केलेली गाडीही चालायला लागते. इन्सुलफ्रॉगमध्ये सांधा ज्या बाजूला वळवला तिकडेच वीज जाते, दुसरी बाजू आपोआप मेलेली राहते, आणि इथे तेच हवं आहे. मी दुसऱ्या मार्गिकेलाही तारा दिल्या आणि ती सोय मोडली. त्या तारा तोडल्या. दोन्ही टोकांचे सांधे वळवावे लागतात, एकच वळवला तर मार्गिका दुसऱ्या टोकाने जिवंत राहते.

इंजिन सांध्याच्या फ्रॉगवर थांबतं. सांगाडा स्वस्तातला, आठांपैकी मागच्या बोगीचीच चार चाकं वीज उचलतात. पुढच्या बोगीला ०.२ मिमी फॉस्फर ब्राँझची तार चाकाच्या पाठीला टेकेल अशी लावली. पितळी तार एकदा वाकली की तशीच राहते, दाब उरत नाही. पहिल्या प्रयत्नात दाब इतका झाला की चाकं अडून घसरायला लागली. बोगी हातात धरून चाकावर फुंकर मारावी, फिरलं तर दाब ठीक.

फ्रॉगच्या टोकाशी ठिणगी. दिवा घालवल्यावरच दिसली. चाकाची रुंदी शेजारशेजारच्या दोन्ही रुळांना एकदम टेकते आणि क्षणभर शॉर्ट होतो. टोकाच्या ५ मिमीवर बिनरंगी नेलपॉलिशचे दोन हात. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल.

८ ऑगस्ट
३ मिमी कॉर्कवर रूळ कायमचे चिकटवले. सांध्यापाशी फेविकॉल अजिबात नाही, नुसत्या टाचण्या. वळणात दोन तुकड्यांच्या जोडावर रूळ कोन करून उभा राहतो, म्हणून वळणावरचे जोड आधी सरळ असतानाच झाळले आणि मग वाकवले. हे बरोबर केलं. मग त्याच उत्साहात सरळ भागातलेही सगळे जोड झाळून टाकले. हे चूक.

१५–२४ ऑगस्ट: खडी
विकतची खडी महाग आणि करडी-पांढरी. इथला दगड काळा. बांधकामाजवळून एक किलो क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणली. खऱ्या खडीचा ५ सेंमीचा दगड १:७६ ला पाऊण मिलिमीटरच्या आत येतो. पिठाच्या चाळणीतून मोठे खडे वर काढले, चहाच्या बारीक गाळणीतून भुकटी खाली घालवली. किलोतून कामाची २५० ग्रॅम निघाली, लागली १९० च्या आसपास.

आधी साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारायचं, मग १ भाग फेविकॉल आणि ३ भाग पाणी ड्रॉपरने. पाणी न फवारता गोंद टाकला तर थेंब गोळा होऊन खडीत खड्डा पडतो. स्थानकात पहिले दहा सेंमी तसे झाले आहेत, वरून खडी टाकून झाकले.

दुसऱ्या दिवशी इंजिन कट-कट करायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळ्या कणांची दाढी आणि दोन कण थेट वर्म गिअरमध्ये. आपला सह्याद्रीचा काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, चुंबकाला चिकटतं.  जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उरलेल्या खडीतून आठ-दहा वेळा फिरवलं. पिशवी उलटी केली की कण खाली पडतात, उघड्या चुंबकावरून ते सुटत नाहीत. अडीचशे ग्रॅममधून दोन चमचे भुकटी निघाली. आधी चिकटवलेली ४० सेंमी खडी पाण्याने भिजवून खरवडली आणि नवी टाकली. गिअर ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला. एका दाताला खरचटलंय, आवाज थोडा राहिला. नऊ दिवस गेले.

लाल मातीही चुंबकाखालून काढूनच वापरा.

एका सांध्याची पात (इकडून तिकडे सरकणारा रुळाचा तुकडा) पाझरलेल्या गोंदाने बसली. आयसोप्रोपिल लावून दहा मिनिटांनी हलवली, सुटली. दुसऱ्याला आधीच पातीखाली व्हॅसलीनचं बोट फिरवलं होतं, त्याला काही झालं नाही.

३० ऑगस्ट
डोंगराच्या पायथ्याला पालापाचोळा म्हणून वाळवलेला वापरलेला चहा पेरला होता. पाच दिवसांत त्यावर पांढरी लव. पावसात फेविकॉलचं पाणी तीन-तीन दिवस सुकत नाही आणि चहा म्हणजे बुरशीला जेवणच. सगळा काढला. त्या जागी लाल माती कढईत वीस मिनिटं भाजून, चाळून. कढई वेगळी ठेवा, ती पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही.

१ ते २० सप्टेंबर
गणपतीसाठी खोली मोकळी करावी लागली, बारा दिवस काम बंद. उरलेल्या दिवसांत डोंगर. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी गोंदाच्या बंदुकीने, वर औषधाच्या दुकानात मिळणारं पीओपी बँडेज, १० सेंमी रुंद, सहा रोल. थर्माकोल टाळला, कापताना गोळ्या उडतात आणि त्या रुळांना चिकटतात.

उजव्या वळणावर बोगदा. या मार्गावर बोगदा एकच, वन किस टनेल, तो आपल्या जागी नाही हे मान्य. गाडी उतरली तर हात जायला हवा, म्हणून वरचं टोपण सुटं ठेवलंय, आतून चार चुंबकं. उभ्या फळीवर दोन चुंबकं पुरली नाहीत.

बोगद्याचं तोंड ३८ मिमी ठेवलं, डबा २८ मिमी रुंद. घासला. १०५ मिमीचा डबा, बोग्यांमधलं अंतर ७० मिमी. २२९ च्या वळणात मधला भाग आत २.७ मिमी सरकतो, टोकं बाहेर ३.३ मिमी. म्हणजे गाडीलाच ३४ लागतात, आणि बँडेजची जाडी दोन्हीकडून आत येते हे मोजलंच नव्हतं. तोंड ४४ मिमी केलं. आता सगळ्यात लांब डब्याला दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचे ४-४ मिमी कान चिकटवून तो हाताने फिरवतो, कान कुठे लागतो ते आधी कळतं.

१४ ऑक्टोबर
मागच्या सरळ भागात रूळ नागासारखा वळलाय. सगळं उन्हाळ्यावर ढकलणं सोपं होतं, ऑक्टोबर हीट आहेच. पण ९१४ मिमीचा रूळ १० अंशांनी तापला तरी दीड दशांश मिलिमीटरच वाढतो. फळीवर ऑगस्टमध्ये मीटरभर अंतरावर केलेल्या पेन्सिलच्या खुणा आता जवळजवळ १ मिमी जवळ आल्या आहेत. रूळ चिकटवले तेव्हा फळी पावसाळ्यात फुगलेली होती. आता ती सुकून आखडली, रूळ आखडत नाही, आणि सगळे जोड झाळलेले. तो बाजूला जाणारच. मेमध्ये खालची बाजू आणि कडा कोऱ्या सोडल्या नसत्या तर एवढं झालं नसतं.

दुरुस्ती: सरळ भागातले चार जोड तापवून सोडवले, खडी भिजवून रूळ मोकळा केला, प्रत्येक जोडात ०.६ मिमी फट. फट मोजायला ब्लेडचं पातं चालतं, सहा पाती एकत्र. जोड आता नुसता सरकता, वीज दोन्हीकडच्या तारांतून येते. फळी दोन दिवस उन्हात ठेवून खालून आणि कडांना चपड्याचे दोन हात मारले.

वेळ: तीन रविवार.

२ नोव्हेंबर
वेग. खरी गाडी ताशी १२ ते २० किमीने जाते. १:७६ ला पुढचा ६४० मिमीचा भाग ओलांडायला ९ ते १५ सेकंद लागायला हवेत. साध्या रेग्युलेटरवर गाडी ४ सेकंदांत जाते, त्याहून कमी केलं की थांबते.

लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टचं पीडब्ल्यूएम मॉड्यूल (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग राखणारं), दिशा उलटवायला मध्ये बंद असणारा डीपीडीटी स्विच आणि ५०० मिलिअँपचा पॉलीफ्यूज (शॉर्ट झाला तर वीज अडवणारा). मॉड्यूल घेताना वारंवारता विचारा. १०० हर्ट्झच्या आसपासचं असेल तर गाडी हळू सुटते, पण मोटर गुणगुणते आणि तापते. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरला ते लावूच नये. १५ किलोहर्ट्झच्या वरचं घेतलं. आता १३ सेकंद, चढावर थोडी आणखी मंद, ते बरंच दिसतं.

१६ नोव्हेंबर
रंग. बहुतेक जण माथेरान हिरवंगार करतात. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हा फक्त अमन लॉज–माथेरान शटल चालते. जुम्मापट्टीत गाडी उभी आणि भोवती जुलैची हिरवळ, हे जमत नाही. म्हणून पावसाळा सरल्यानंतरचं गवत घेतलं: टोकं पिवळी, बुडाशी हिरवट, लाल पायवाट. तागाच्या दोरीचे ४ मिमीचे तुकडे पिंजून पेरले. कातळाला काळा-तपकिरी पातळ रंग, आडव्या थरांत, कारण सह्याद्रीचा कातळ पायऱ्यापायऱ्यांनीच दिसतो.

२३ नोव्हेंबर
रूळ चार दिवसांत काळे. फोडणीचा धूर. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच, तेलाचा थर बसतो आणि त्यावर धूळ. आयसोप्रोपिलने फडक्यावर पुसायचे. पॉलिश पेपर नको, ओरखड्यांत घाण आणखी धरते. झाकायला जुनी चादर घेतली होती, तिचं सूत आसांना गुंडाळलं. आता प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ.

आतापर्यंतचा खर्च: लाकूड १,४५०, रुळांचे चार तुकडे २,८००, सांधे ३,७००, सांगाडा ४,२००, तीन डबे बोग्यांसह १,९००, वीज ७८०, कॉर्क-गोंद-पीओपी-रंग १,६५०. वाया गेलेलं सामान १,३००, त्यात निम्म्याहून जास्त पहिला चढ. एकूण १७,७८०. वजन ११ किलो.

बाकी: स्थानकाची शेड, पाटी, आणि उजव्या सांध्याची पात, जी फळी उभी केली की आपोआप उलटी पडते. तिथे पेनमधली स्प्रिंग लावून बघतोय. पूर्ण स्प्रिंग फार कडक होते, पाच वेढ्यांची कापली तर पात जागेवर राहते, पण बोटाने ढकलताना दुसऱ्या बाजूला पूर्ण टेकत नाही. तीन वेढ्यांची उद्या लावणार.